हरवलं की पळवलं? जुन्या फायलींमागचा एक शब्द

पळवून नेलेल्या मुलाचं काय झालं हे घरच्यांना कित्येक वर्षांनी कळतं, तेव्हा बातमीत तपासाची कमाल असते. मधली वर्षं ती फाइल कुठल्या नावाने पडून होती, याबद्दल कोणी लिहीत नाही.

पूर्वी मूल घरी आलं नाही की पोलीस ठाण्यात बहुधा ‘मिसिंग’ची नोंद व्हायची. मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे. अंगात पिवळा फ्रॉक, पायात स्लीपर, उजव्या गालावर तीळ असं वर्णन लिहून घ्यायचं, फोटो ठेवून घ्यायचा आणि ‘नातेवाइकांकडे बघून या’ म्हणून आईबापांना परत पाठवायचं. गुन्हाच नाही, मग आरोपी कोण शोधणार? डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारीत नाल्यातून सांगाडे निघाले, तेव्हा तिथले पालक कितीतरी आधीपासून पोलिसांकडे खेटे घालत होते, हे देशाला कळलं. त्या खटल्यांचा शेवट आरोपींच्या सुटकेत झाला. म्हणजे त्या घरांना अजूनही उत्तर मिळालेलं नाही.

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला: अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं तर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं गृहीत धरा, एफआयआर नोंदवा, आणि चार महिन्यांत शोध लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्या. वाद आहे तो या ‘गृहीत धरा’वर. तेव्हापासून एफआयआरमध्ये एक ठरीव वाक्य दिसतं: ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणाकरिता फूस लावून पळवून नेले.’ आईवर रागावून मामाकडे गेलेला मुलगा असो की मित्राबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, वाक्य तेच. त्यामुळे अपहरणाचे आकडे फुगतात, खरी प्रकरणं त्यात बुडतात, ही पोलिसांची तक्रार. ती अगदीच खोटी नाही. पण आकडे फुगतात म्हणून नोंद टाळायची, तर पुन्हा निठारीच्या आधीच्या काळात जायचं. चार वर्षांचं मूल स्वतःहून निघून गेलं असेल, असं गृहीत धरणाऱ्या जुन्या पद्धतीला कोणी कधी गृहीतक म्हटलं नव्हतं, एवढं लक्षात घ्यावं.

वयाचाही घोळ होता. जुन्या दंड संहितेत पालकांच्या रखवालीतून पळवण्याच्या गुन्ह्यासाठी मुलगा सोळाच्या आतला आणि मुलगी अठराच्या आतली हवी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने दोघांना अठराची मर्यादा लावली.

गुन्हा नोंदवला तरी माग लागतोच असं नाही. मग महाराष्ट्रात ‘ए समरी’ होते: गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. घरच्यांना ती ‘केस बंद झाली’ अशी ऐकू येते. प्रत्यक्षात न्यायालयाने अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडू द्यायचं असतं, हे १९८५ पासून ठरलेलं आहे, आणि नवा धागा हाती आला तर पुढचा तपास करता येतो. अपहरणाला मुदतीची आडकाठी नाही.

कायद्यात दुसरंही एक दार आहे. बेपत्ता माणसाची खबर ज्यांना मिळायला हवी होती, त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो माणूस मेला असं धरता येतं. वारसाहक्काच्या कामात लोक हे कलम सर्रास वापरतात. मुलासाठी ते वापरायला आईबापांचा हात धजत नाही. अर्जात ‘मयत’ लिहावं लागतं. त्यापेक्षा शाळेचा दाखला ट्रंकेत तसाच राहू देतात.

आणि मूल सापडलंच, तर डीएनए जुळवतात, जबाब होतो. ते अजून अठराच्या आत असेल तर त्याला बालकल्याण समितीपुढे नेतात. अठरा उलटून गेली असतील तर ताब्याचा प्रश्नच उरत नाही. कुठे राहायचं हे त्याने स्वतः सांगायचं. गुन्हा रजिस्टरचा नंबर मात्र पळवलं त्याच वर्षाचा राहतो, आणि वयाच्या रकान्यात ‘४ वर्षे’.