हार्ड डिस्क ‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय सापडत नाही?

संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी एक ओळ उमटते आणि पुढे काहीच घडत नाही, तेव्हा बहुतेक जण हार्ड डिस्क गेली असे धरून चालतात. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम जिथून सुरू करावी अशी जागा मिळाली नाही, एवढेच ती ओळ सांगत असते. डिस्क मुळात दिसलीच नाही, की दिसली पण तिच्यावर सुरुवातीचा प्रोग्रॅम मिळाला नाही, हे दोन अगदी निराळे बिघाड आहेत. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ कळ दाबून (नेमकी कळ कंपनीनुसार बदलते) बायॉसच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्ड म्हणजे मुख्य सर्किटवरच्या प्रोग्रॅमच्या) पडद्यावर जावे आणि तिथल्या यादीत आपल्या डिस्कचे मॉडेल आणि क्षमता दिसते का, ते पाहावे.

नाव दिसत असेल तर बिघाड बहुधा सेटिंगमध्ये किंवा डिस्कवरील माहितीत असतो. कधी विसरून राहिलेला पेन ड्राइव्हच बूटच्या (सुरू होण्यासाठी डिस्क तपासण्याच्या) क्रमात पहिला बसलेला असतो. जुन्या पद्धतीच्या बायॉसला डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरील माहितीच्या लहान कप्प्यात) सुरुवातीचा प्रोग्रॅम हवा असतो, तर त्याची जागा घेणारी नवी यूईएफआय प्रणाली फॅट ३२ या फाइल मांडणीच्या एका छोट्या विभागात त्याची फाइल शोधते. त्यामुळे एका पद्धतीने विंडोज टाकलेली डिस्क दुसऱ्या पद्धतीत समोर असूनही निरुपयोगी ठरते. जुन्या संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले दिसले, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल संपलेला असण्याची दाट शक्यता असते. सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातात, साटा जोडणीची (डिस्क मदरबोर्डला जोडण्याच्या प्रचलित जोडणीची) पद्धत एएचसीआय या प्रकारावरून दुसरीकडे सरकू शकते आणि मग विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. अशा वेळी कित्येकदा चांगली डिस्क फॉरमॅट केली जाते, हे खेदाचे आहे.

यादीत नावच नसेल तर डिस्क ‘दिसते’ म्हणजे काय होते, हे समजून घ्यावे लागते. वीज मिळताच डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात विद्युतसंकेतांची देवाणघेवाण होऊन जोडणी जुळते. मग मदरबोर्ड डिस्कला तिची ओळख विचारतो आणि डिस्क ५१२ बाइटांचे उत्तर पाठवते: मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, एकूण सेक्टरांची संख्या. यादीत दिसते ते हेच उत्तर. शाळेच्या हजेरीत ‘हजर’ म्हटले नाही तर मूल वर्गात बसलेले असूनही गैरहजर लागते, तसाच हा प्रकार आहे; उत्तर का आले नाही, हे मदरबोर्डला कळण्याचा मार्ग नसतो.

उत्तर न येण्याची सर्वांत स्वस्त कारणे बाहेरच असतात. साटाची माहितीची केबल ७ संपर्कांची आणि विजेची १५ संपर्कांची असते, आणि संगणकाच्या आतील साटा कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्यापुरतेच घडवलेले असतात. त्यामुळे दुसरी केबल, दुसरा पोर्ट आणि शक्य असल्यास दुसरा संगणक वापरून पाहणे ही औपचारिकता नव्हे. साडेतीन इंची डिस्कला इलेक्ट्रॉनिक भागासाठी ५ व्होल्ट आणि मोटरसाठी १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) १२ व्होल्ट येईनासे झाले तर सर्किट जागे असूनही माहिती साठवणाऱ्या तबकड्या फिरत नाहीत. काही मदरबोर्डवर एम.२ या छोट्या खाचेत नवीन एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो, आणि मालकाला मात्र जुनी डिस्क नेमकी त्याच दिवशी बिघडल्यासारखे वाटते. थंड संगणकात डिस्क दिसत नाही, पण लगेच रीस्टार्ट केल्यावर दिसते, असे होत असेल तर ती फिरून तयार व्हायला उशीर लावत आहे. हा डेटाची प्रत तातडीने काढून घेण्याचा इशारा समजावा.

वीज आणि केबल ठीक असूनही ओळख मिळत नसेल, तर बिघाड डिस्कच्या आत असतो. हार्ड डिस्क स्वतःच एक छोटा संगणक असते. तिच्या सर्किटवर फर्मवेअरचा थोडाच भाग असतो. उरलेला भाग आणि खराब सेक्टरांच्या याद्या तबकड्यांवरच्याच एका राखीव क्षेत्रात लिहिलेल्या असतात. म्हणजे आपली पूर्ण ओळख सांगण्यासाठी डिस्कला आधी स्वतःलाच वाचावे लागते. ते वाचन फसले की डिस्क गप्प राहते, किंवा क्षमता शून्य सांगते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डिस्कचे आहे. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या आरंभी, काल नीट चाललेल्या या डिस्क आज संगणक सुरू करताच बायॉसमधून गायब होऊ लागल्या. कारण राखीव क्षेत्रातल्या घटनांच्या नोंदवहीत होते. नोंदींचा गणक ३२० सारख्या ठरावीक आकड्यावर असताना डिस्क चालू झाली, आणि कारखान्यातून विशिष्ट माहिती तिथे शिल्लक राहिलेली असली, की फर्मवेअर नोंदवहीच्या हद्दीबाहेर जाऊन अडकत असे. तबकड्या, त्यांवर वाचन-लेखन करणारे हेड आणि वापरकर्त्याचा सगळा डेटा धडधाकट होता. कंपनीने जानेवारी २००९ मध्ये दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर दिले, पण आधीच गप्प झालेल्या डिस्कवर ते चढवणार कसे? तेव्हा हौशी मंडळींनी डिस्कच्या मागच्या पिनांना सिरीयल केबल जोडून, थेट तिच्या प्रोसेसरला आज्ञा देऊन अनेक डिस्क परत बोलत्या केल्या.

प्रत्येक वेळी नशीब इतके चांगले नसते. सुरू होताच टक-टक असा लयबद्ध आवाज येत असेल, तर हेड राखीव क्षेत्र वाचण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा मागे येत आहे. हेड आणि तबकडी यांत चालू स्थितीत अवघ्या काही नॅनोमीटरचे अंतर असते. हेड निकामी झालेले असताना डिस्क वारंवार चालू करणे म्हणजे चुंबकीय थर खरवडण्याची जोखीम घेणे. इंटरनेटवर सुचवला जाणारा फ्रीझरचा उपाय तर टाळावाच, कारण बाहेर काढल्यावर थंड पृष्ठभागावर दव धरते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट बदलून लावण्याचा जुना तोडगाही आता क्वचितच चालतो, कारण त्या त्या डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात ठरवलेली मूल्ये सर्किटवरच्या रॉम या स्मृती-चिपमध्ये असतात आणि ती चिपही सोबत हलवावी लागते. डेटा मोलाचा असेल तर इथे हात आखडता घेऊन डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

एसएसडीत फिरणारे काही नसल्याने आवाजाचा हा संकेतही मिळत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सर्व्हरमधील आपल्या काही एसएसडींबाबत जाहीर केले की, फर्मवेअर सुधारले नाही तर त्या ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील आणि त्यातील डेटाही परत मिळणार नाही. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. धन-ऋण चिन्हासह १६ बिटांत मोजायचे तर ३२,७६७ च्या पुढे जागा उरत नाही. एकाच दिवशी बसवलेल्या अशा डिस्क जवळपास एकाच वेळी गप्प होण्याचा धोका होता, त्यामुळे एकीची प्रत दुसरीवर ठेवण्याची रेडसारखी व्यवस्थाही तिथे अपुरी पडली असती.