अखंड पार्श्वनमुना

अखंड पार्श्वनमुना, म्हणजेच वेब डिझाइनरांच्या बोलीतला सीमलेस पॅटर्न, हे शेजारी-शेजारी कितीही वेळा मांडले तरी सांधा न दिसणारे लहान चौकोनी चित्र असते. या चित्राला टाइल म्हणतात. तिची उजवी कड डाव्या कडेशी आणि खालची कड वरच्या कडेशी जुळते. ६४ × ६४ पिक्सेलची टाइल १९२० × १०८० पिक्सेलचा पडदा भरायला ३० स्तंभ आणि १७ ओळींत मांडावी लागते, शेवटची ओळ किंचित कापली जाते. फाइल मात्र एकदाच उतरवावी लागते.

मंदगती मोडेमच्या काळात ही बचत फार मोलाची होती. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या १.१ आवृत्तीने पानामागे चित्र लावण्याची सोय दिली. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या डिसेंबर १९९६ मधील पहिल्या अधिकृत शिफारशीमुळे चित्र फक्त आडवे, फक्त उभे, दोन्हीकडे की एकदाच उमटवायचे, हे ठरवता येऊ लागले. टाइलचा आकार बदलणे आणि एकावर एक अनेक पार्श्वचित्रे ठेवणे या सोयी सीएसएस ३ मध्ये आल्या.

सांधा घालवण्याची रूढ रीत म्हणजे ऑफसेट. २०० पिक्सेलची टाइल आडवी आणि उभी १००-१०० पिक्सेल सरकवली आणि बाहेर गेलेला भाग विरुद्ध बाजूने आत घेतला, की चारही कडा मध्यभागी येऊन अधिकच्या चिन्हासारखी फट दिसते. ती चित्र-संपादनातल्या क्लोन किंवा हीलिंग साधनाने, म्हणजे चित्राचाच दुसरा भाग तिथे उमटवून, बुजवतात. मग टाइल पुन्हा सरकवून पाहायची, कारण बुजवताना हात कडेपर्यंत गेला असेल तर तिथे नवा सांधा तयार झालेला असतो. जेपीईजीमध्ये जतन करताना आणखी एक अडचण येते. हे स्वरूप चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून माहिती दाबते, त्यामुळे जास्त दाबल्यास नीट जुळवलेल्या कडाही किंचित फुटतात. रेखीव नमुन्यांसाठी तपशील न गमावणारे पीएनजी किंवा आकृतीचे वर्णनच साठवणारे एसव्हीजी हे स्वरूपच बरे.

सांधा गेला म्हणजे काम झाले असे मानले जाते, पण खरी कसोटी त्यानंतर लागते. भौमितिक नमुन्यात पुनरावृत्ती हेच सौंदर्य असते. प्रतलावर अशा आकृत्यांचे सममितीनुसार नेमके १७ प्रकार होतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. दगड, कागद, कापड यांच्या पोतात मात्र पुनरावृत्ती लपवावी लागते. टाइलमध्ये एकच ठळक डाग असला तर पडद्यावर त्या डागांची जाळी उभी राहते, आणि एकदा दिसली की नजर तिथून हटत नाही. छायाचित्राची एक बाजू थोडी उजळ असली तरी पट्टे पडतात, म्हणून आधी प्रकाश सपाट करून घ्यावा. टाइल एकटी पाहून यातले काहीच कळत नाही. ती भरलेल्या पानावर, थोडे मागे सरकून पाहावी.

पुनरावृत्ती लांबवण्याची एक सुंदर युक्ती अंकगणितातली आहे. २९, ३७ आणि ५३ पिक्सेल रुंदीचे तीन अर्धपारदर्शक थर एकावर एक ठेवले, तर या मूळ (अविभाज्य) संख्यांमुळे तिन्ही थरांची सुरुवातीची जुळणी ५६,८६९ पिक्सेलनंतरच परत येते. म्हणजे तीन चिमुकल्या फायलींतून कुठल्याही नेहमीच्या पडद्यावर न संपणारी रचना मिळते. दुसरा मार्ग पोत गणिताने निर्माण करण्याचा. संगणक-चित्रणातले तज्ज्ञ केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात मांडलेला नॉइज, म्हणजे गणिताने काढलेला यादृच्छिक पण सौम्य चढउतार, त्यासाठी सर्रास वापरतात, आणि असाच नॉइज तयार करणाऱ्या एसव्हीजीच्या टर्ब्युलन्स फिल्टरमध्ये कडा जुळवून देण्याचा पर्यायही आहे.

पार्श्वनमुन्यावर मजकूर येणार असेल तर वाचनीयतेपुढे बाकी सर्व गौण. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, एए या मधल्या पातळीवर, साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) सांगितला आहे. पोताच्या सरासरी रंगाशी तो मोजणे पुरेसे नाही. काळ्या अक्षरांसाठी पोतातला सर्वांत गडद ठिपका धरावा, पांढऱ्या अक्षरांसाठी सर्वांत उजळ.