थंडी मोजणारा कांदा, थंडी मोजणारं झाड

ट्यूलिपचा कंद हातात घेतला की आधी कांदाच आठवतो. तोच घाट, तशीच तपकिरी, कागदासारखी साल. गेल्या ऑक्टोबरात मागवलेल्या दहा कंदांपैकी एक मी सरळ विळीवर उभा चिरला. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला, पण आत जे दिसलं त्यानं पैसे वसूल झाले. मांसल पापुद्र्यांच्या मधोमध एक इवलासा कोंब आणि त्या कोंबात मिटून बसलेलं अख्खं फूल. भिंगाखाली सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला तिधारी स्त्रीकेसर असं सगळं मोजता आलं.

म्हणजे एप्रिलात फुलायचं फूल आदल्या उन्हाळ्यातच तयार होतं. जमिनीवरची पानं वाळून गेलेली असतात, कंद झोपलाय असं आपल्याला वाटतं आणि तो आत फूल घडवत असतो.

जपानी चेरीचंही, म्हणजे साकुराचंही, तसंच. मार्च-एप्रिलात बहर सरतो, पानं येतात आणि त्याच उन्हाळ्यात फांद्यांवर पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या धरायला लागतात. एक वीतभर कुंडीत मावणारा कंद, दुसरं आठ-दहा मीटर उंच झाड. दोघांची कुळं पार वेगळी, तरी फूल आधी घडवून ठेवायचं आणि मग महिनोन्महिने थांबायचं, ही रीत दोघांची एकच. थांबायचं ते थंडीसाठी.

नाशिककडच्या शेतकऱ्याला थंडी आणि कांदा यांचं नातं वेगळं सांगायला नको. रोपं पुरेशी जाड झाली आणि त्यांना बराच काळ कडाका सोसावा लागला, की कांद्याला डेंगळे फुटतात. फुलाचा दांडा वर येतो आणि गड्डा पोसायचा राहतो. कांद्यात थंडी फुलायचा हुकूम देते. ट्यूलिपमध्ये मात्र फूल आधीच तयार असतं, थंडीचं काम पुढचं. साधारण बारा ते सोळा आठवडे नऊ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली काढले, की कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि दांडा उंच करणाऱ्या संप्रेरकांना वाट मोकळी होते. थंडी मिळालीच नाही, तर फूल मरत नाही, पण दांडा वाढत नाही. पानांच्या बेचक्यातच ते खुरटून अडकून पडतं.

पुण्यात अशी थंडी कुठून आणायची? फ्रीजमधून. उरलेले नऊ कंद मी भाजीच्या कप्प्यात ठेवले आणि शेजारी सफरचंदं. ही चूक पूर्णपणे माझी. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि बंद कप्प्यात तो साठला की कंदातलं तयार फूल आतल्या आत सुकतं. जानेवारीच्या शेवटी कुंड्यांत लावलेल्या नवांपैकी सहांना नुसती पानं आली आणि पानांच्या मध्ये कागदासारखी वाळकी कळी. तीन फुलले, पण बुटके. फेब्रुवारीतलं पुण्याचं ऊन त्यांना मानवलं नसावं. तरी त्या तिघांनी एक गंमत दाखवली. ऊन तापलं की पाकळ्या उघडत, गारवा आला की मिटत. उबेत पाकळीची आतली बाजू भरभर वाढते, गारव्यात बाहेरची. म्हणजे रोजच्या उघडमिटीत पाकळी थोडी थोडी लांबतच जाते.

चेरीला फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. ती थंडी उघड्यावर मोजते. शरदात तिच्या कळ्या अशा गाढ झोपतात की अधूनमधून पडलेल्या उबदार दिवसांना त्या फसत नाहीत. ही झोप टिकवणाऱ्या जनुकांचा छडा आधी चेरीच्या चुलत घराण्यात, पीचमध्ये लागला. पीचचा एक प्रकार थंडीतही वाढायचा थांबतच नसे, त्यात हीच जनुकं गळालेली निघाली. गारठा लागत जातो तसा या जनुकांचा आवाज उतरत जातो. पानांतून येणारं ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरकही कळ्यांना दाबून धरतं. म्हणून 2018 च्या शरदात जपानमध्ये चक्रीवादळांनी साकुराची पानं झोडपून काढली, तेव्हा ऑक्टोबरातच ठिकठिकाणी फुलं आली. पहारेकरी गेले आणि कळ्या गाढ झोपायच्या आतच जाग्या झाल्या.

थंडीचा हिशेब पुरा झाला की चेरी ऊब मोजायला लागते. जपानात यासाठी एक ठोकताळा आहे: 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत धरत जायचं, बेरीज 600 अंशांच्या आसपास आली की फुलं येणार. तोक्योत बहर ‘लागला’ हे यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं जाहीर करतं. एका झाडावरून शहराचा निकाल लावता येतो, कारण तिथली बहुतेक झाडं सोमेई-योशिनो या एकाच वाणाची आहेत. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, सोमेई गावातून पसरलेला हा संकर बियांनी तसाच्या तसा वाढत नाही, कलमांनीच वाढवावा लागतो. सगळी झाडं जणू एकाच झाडाच्या फांद्या, म्हणून सगळी एकदम फुलतात.

क्योतोतल्या नोंदी याहून जुन्या, यामाझाकुरा या डोंगरी रानचेरीच्या. दरबारी रोजनिशांतून वेचलेल्या या तारखा नवव्या शतकापर्यंत मागे जातात. 2021 मध्ये तिथे 26 मार्चला पूर्ण बहर आला आणि 1409 सालचा 27 मार्चचा विक्रम मोडला. हवा तापतेय म्हणून ऊब लवकर जमते, बहर लवकर येतो. पण हिवाळाही फार सौम्य झाला तर थंडीचा हिशेबच अपुरा राहतो आणि जपानच्या दक्षिणेत कळ्या उलट उशिरा, विस्कळीत फुलतात. ट्यूलिपचा कंद उपटून शीतगृहात नेता येतो, झाडाला हलता येत नाही. बागेसाठी दोघांची तुलना करायची तर मला हा फरक रंगरूपापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा फरक देहाचा. चेरी दरवर्षी जुन्या लाकडावर नवं वलय चढवते. ट्यूलिप मात्र दरवर्षी स्वतःला संपवतो. एप्रिलात मी कुंड्या उकरल्या तेव्हा मूळ कंदाच्या जागी रिकामी साल होती आणि तिच्या पोटात लसणाच्या पाकळ्यांएवढी पिल्लं. एवढ्याशा कंदाला पुढच्या वर्षी फार तर एक पान येतं, फूल नाही. मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर, जिथे हिवाळा बोचरा, उन्हाळा कोरडा ठाक आणि वसंत चार दिवसांचा, तिथे असंच जगणं परवडतं. आपल्या कासच्या पठारावरचे कंदही असेच जमिनीखाली दडतात, फक्त ते थंडीची नाही, पावसाची वाट बघतात.

मार्चअखेर श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत मराठी पर्यटकांची रांग लागते. झबरवान डोंगरांच्या पायथ्याची ही बाग 2007 च्या सुमारास खुली झाली, पंधरा लाखांवर कंद लावलेले असतात आणि सोहळा जेमतेम महिनाभराचा. तिथून कंद आणायचा मोह होतो. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये अंगण असेल तर जरूर लावा: ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 15 सेंटिमीटर खोल, खारींपासून जपून. जागा असली तर चेरीच्या आसपास लावा, तिची पानं दाटायच्या आत कंदांना भरपूर ऊन मिळतं. फूल गेल्यावर पानं मात्र पिवळी पडेपर्यंत कापू नका, पिल्लं त्यांच्यावरच पोसतात.

मुंबईत विक्रोळीला हमरस्त्यालगत उन्हाळ्याच्या तोंडाशी गुलाबी बहर येतो, त्याला लोक हौसेनं चेरी ब्लॉसम म्हणतात. ते झाड चेरी नव्हे, टॅबेबुया. ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पळस-पांगाऱ्यासारखं तेही पानं टाकून फुलतं, पण कोरड्या ऋतूच्या इशाऱ्यावर.

माझ्या गच्चीतल्या त्या कुंड्यांत आता मे फ्लॉवरचे गड्डे आहेत. वळवाचा पहिला शिडकावा झाला की मातीतून लाल चेंडू वर येतो. फ्रीज लागत नाही.