मत पालटेल असे वाटत असताना ऐकावे का? : पार्श्वभूमी

समोरच्याचे बोलणे ऐकले तर आपले मत पालटेल असे वाटत असेल, तरी ते ऐकावे का? सोलापूरपुरता या प्रश्नाचा माग बाराव्या शतकापर्यंत नेता येतो. शिवयोगी सिद्धरामेश्वर तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवीत होते, अडुसष्ट लिंगांची स्थापना करीत होते. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथातील कथेनुसार, शरण संत अल्लमप्रभू त्या कामावर आले आणि त्यांनी मजुरांसमोरच सिद्धरामांना हिणवले. मजुरांनी त्यांच्यावर दगड भिरकावले, सिद्धरामही संतापले. मात्र पुढे त्यांनी अल्लमांचे म्हणणे, की बाहेरच्या कामापेक्षा आतली साधना मोठी, पुरते ऐकले आणि कल्याणला (आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला) जाऊन दीक्षा घेतली. हे म्हणणे मान्य करणे म्हणजे आयुष्यभराच्या कामाला दुय्यम ठरवणे होते, हे त्यांना कळत नसेल असे मानणे कठीण आहे. तळे मात्र कोणी बुजवले नाही. मत बदलले म्हणजे आधीचे सारे मोडीत काढावे लागते, ही भीती अनेकदा अनाठायी असते.

कोणाचे ऐकावे, याचा विचार न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, त्याही आधी केला होता. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडण्यासाठी वितंडा, असा भेद त्यात आहे.

आधुनिक तत्त्वज्ञानात सॉल क्रिपके यांनी या प्रश्नाला धारदार रूप दिले आणि गिल्बर्ट हार्मन यांनी ते 1973 मध्ये छापून पुढे आणले. एखादी गोष्ट खरी आहे हे मला ठाऊक असेल, तर तिच्याविरुद्धचा प्रत्येक पुरावा दिशाभूल करणाराच असणार. मग तो पाहायचाच कशाला? हार्मन यांचे उत्तर असे, की नवा पुरावा समोर आला की 'मला ठाऊक आहे' हा आधारच डळमळू शकतो, आणि मग त्याच्या जोरावर पुराव्याकडे पाठ फिरवता येत नाही.

तत्त्वज्ञ बास फान फ्रासेन यांनी 1984 मध्ये मांडलेले तत्त्व मला अधिक निर्णायक वाटते. उद्या माझे मत पालटेल असे मी आजच धरून चाललो आणि उद्याच्या माझ्या विवेकावर माझा विश्वास असेल, तर ते मत आजच पालटायला हवे. तो विश्वास नसेल, तर आक्षेप युक्तिवादावर राहत नाही, तो पटवण्याच्या रीतीवर जातो. निवडणुकीत आपल्याकडे घरोघरी सांगतात, "त्या सभेला जाऊ नकोस, तो बोलण्यात गुंडाळतो." हा इशारा रास्त असू शकतो, परंतु तो देणाऱ्याने वक्ता नेमका कशाने गुंडाळतो, गर्दीच्या जोशाने, खुशामतीने की अर्धवट आकड्यांनी, हेही सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर सभेला न जाण्याचे कारण वक्त्याकडे नसून आपल्या भीतीत आहे.