खिशातल्या चाकूच्या पात्याचे पोलाद

रोज खिशात बाळगायच्या घडीच्या चाकूचे पाते म्हणजे साधारण सात-आठ सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर जाड अशी पोलादाची पट्टी. तिच्यावर मुठीजवळ बारीक अक्षरांत ‘डी२’, ‘व्हीजी-१०’, ‘एस३०व्ही’ असे काहीतरी कोरलेले असते. ते पोलादाच्या जातीचे नाव. अशी डझनावारी नावे प्रचलित आहेत आणि शौकिनांत त्यांवरून वाद रंगतात. बहुतेक वादांच्या मुळाशी ‘सर्वांत चांगले पोलाद कोणते?’ हा प्रश्न असतो आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. पोलादाकडून आपण जे जे मागतो त्यातले एक वाढवले की दुसरे घटते. म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी : आपल्या हातात चाकूची धार जाते ती कशाने?

धार कशी जाते

पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. नीट लावलेल्या धारेची ही रेघ एका मायक्रॉनहूनही बारीक असू शकते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. दिव्याखाली पाते धार वर करून धरले तर चांगली धार दिसतच नाही. जिथे प्रकाशाची बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे ती गेलेली असते.

ती चार तऱ्हांनी जाते. पुठ्ठा, दोर, गालिचा असले खरखरीत काही कापताना ती घासून झिजते. पोलाद मऊ असेल तर दाबाखाली एका बाजूला मुरडते; नखावरून हलकेच फिरवले की एका बाजूने गुळगुळीत लागते आणि दुसऱ्या बाजूने अडते. पोलाद ठिसूळ असेल तर तार, हाड किंवा पुठ्ठ्यातली पिन लागून टवका उडतो. आणि चौथी तऱ्हा गंजाची. पाते वरून स्वच्छ दिसत असतानाही धारेची अतिबारीक रेघ आंबट रसाने किंवा घामाने खाल्लेली असू शकते. ज्याचा चाकू दिवसभर खोकी फोडतो त्याचा शत्रू झीज. जो फळे चिरून पाते न पुसता मिटतो त्याचा शत्रू गंज. या दोघांना एकच पोलाद सुचवणारा माणूस घाईत असतो.

कडकपणा आणि चिवटपणा

लोखंडात कार्बन मिसळला की पोलाद होते. पात्याच्या पोलादात तो साधारण ०.५ ते २ टक्के असतो. तेवढ्याने पाते कडक होत नाही. ते सुमारे हजार अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करावे लागते आणि मग दीड-दोनशे अंशांवर पुन्हा शेकावे लागते. पहिली क्रिया कठिनीकरण, दुसरी पायन. लोहार दोन्हींना मिळून ‘पाणी देणे’ म्हणतो आणि त्या शब्दात बरेच शहाणपण आहे, कारण पात्याचा स्वभाव इथे ठरतो. एकाच जातीची दोन पाती, एकाला नीट पाणी दिलेले आणि दुसऱ्याला घाईत, ही व्यवहारात दोन वेगळी पोलादे असतात. अमेरिकेतल्या बक कंपनीने ४२०एचसी या स्वस्त पोलादावर वर्षानुवर्षे नाव राखले ते याच कामाच्या जोरावर.

कडकपणा मोजतात तो रॉकवेल ‘सी’ मापाने : हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने पोलादात रुतवायचा आणि तो किती खोल गेला ते पाहायचे. खिशातल्या चाकूंची पाती साधारण ५६ ते ६४ या पट्ट्यात असतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल स्विस चाकूचे मोठे पाते ५६च्या आसपास असते. ते लवकर मुरडते, पण टवका सहसा उडत नाही आणि साध्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा उभे राहते. ६२-६३चे पाते धार मुरडू देत नाही, मात्र त्याच्याशी पाचर किंवा पेचकस म्हणून वागले तर टोक तुटते. वर्णनात ‘काठिण्य ६२’ असे वाचून हुरळून जाऊ नये. तो आकडा झिजेबद्दल फार थोडे सांगतो आणि गंजाबद्दल काहीच नाही.

कणांचे गणित

झीज रोखतात ते पोलादात विखुरलेले कार्बाइडचे कण. कार्बन हा क्रोमियम, व्हॅनेडियम, नायोबियम अशा धातूंशी संयोग पावून हे कण बनवतो, आणि ते भोवतालच्या पोलादापेक्षा पुष्कळ कठीण असतात. नदीतल्या गोट्यांभोवतीची माती वाहून जाते आणि गोटे राहतात, तसे ते धारेवर टिकून राहतात.

पण या कणांचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे ते जितके जास्त आणि जितके मोठे, तितके पाते ठिसूळ. भेग कणाच्या कडेनेच सुरू होते. दुसरा तोटा धार लावणाऱ्याच्या वाट्याला येतो. साधे धार लावायचे दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. क्रोमियम कार्बाइड त्याच्यापुढे नमते. व्हॅनेडियम कार्बाइड मात्र त्या दगडाहूनही कठीण असते. अशा पात्यावर साधा दगड भोवतालचे पोलाद घासत राहतो, कण मात्र कापले जात नाहीत, आणि तासभर घासूनही धार जेमतेम बसते. तिथे हिऱ्याची पट्टी लागते. ‘हे पोलाद धारच धरत नाही’ अशा तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी खरे तर दगडाच्या असतात.

गंजाचा हिशेबही याच कणांतून जातो. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये जे अगंज पोलाद बनवले त्याचे मर्म क्रोमियममध्ये होते : पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि आतले लोखंड वाचते. मात्र हे काम पोलादात मोकळ्या असलेल्या क्रोमियमचे. कार्बनने कणांत बांधून टाकलेले क्रोमियम त्यासाठी उपयोगी नाही. डी२ मध्ये १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजते, कारण त्यात कार्बन दीड टक्का आहे आणि तो बराचसा क्रोमियम गिळतो. रचनेच्या तक्त्यात फक्त क्रोमियमचा आकडा पाहून पाते अगंज समजणे म्हणूनच फसवे ठरते.

पोलादांची कुळकथा

चाकूच्या पात्यांची पोलादे बहुतेक दुसऱ्या धंद्यांतून उसनी आलेली आहेत. डी२ हे पत्रा कापणाऱ्या साच्यांचे, ५२१०० हे बॉल बेअरिंगचे, एईबी-एल हे दाढीच्या पात्यांचे. ऑस्ट्रियातल्या बोलर कंपनीचे एम३९० प्लास्टिक ओतकामाच्या साच्यांसाठी होते. त्यात २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. आज ते महागड्या घडीच्या चाकूंत मिरवते.

सर्वांत साधी जात म्हणजे साधे कार्बनी पोलाद. १०९५ या नावातच त्यातल्या सुमारे ०.९५ टक्के कार्बनची खूण आहे. क्रोमियम नसल्यासारखेच. त्याला धार चटकन आणि फार बारीक लागते, पण लिंबू चिरून पाते तसेच ठेवले तर काही मिनिटांत करडे-निळे डाग उमटतात. हे डाग वाढत जाऊन सगळ्या पात्यावर काळपट साय धरते. ही साय म्हणजे लाल गंज नव्हे. उलट ती पुढच्या गंजाला थोडी अडवते. फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतात १८९० पासून बनणारे लाकडी मुठीचे ओपिनेल चाकू आजही कार्बनी आणि अगंज अशा दोन्ही पात्यांत मिळतात, आणि कार्बनीची सवय झालेला माणूस सहसा दुसरीकडे जात नाही. त्याला पाते मांडीवर पुसूनच मिटायची खोड लागलेली असते.

मधल्या फळीत जुनी अगंज पोलादे येतात. ४४०सी मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १७ टक्के क्रोमियम. १५४सीएम मध्ये ४ टक्के मॉलिब्डेनमची भर. बॉब लव्हलेस या अमेरिकी कारागिराने १९७०च्या दशकात ते चाकूंत रुळवले. जपानच्या ताकेफू कंपनीचे व्हीजी-१० स्वयंपाकघरातून खिशात आले. स्वीडनच्या सँडविकने आणलेले १४सी२८एन हे प्रस्तुत लेखकाला या फळीतले सर्वांत समंजस पोलाद वाटते. त्यात ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि चिमूटभर नायट्रोजन. मोठे कण जवळजवळ नाहीत, त्यामुळे बारीक कोनाची धार उभी राहते, साधा दगड पुरतो आणि गंज सहसा येत नाही. झीज ते मध्यमच रोखते. पण ज्याला आठवड्यातून एकदा दगडावर दहा-बारा हात मारायला कंटाळा नाही, त्याला त्याची उणीव भासत नाही.

वरची फळी चूर्ण धातुविज्ञानाने घडवली. वितळलेले पोलाद मोठ्या लादीत सावकाश थिजले की कार्बाइडचे कण वाढत जातात, त्यांचे पुंजके होतात. लादीतून आलेल्या डी२ मध्ये वीस-वीस मायक्रॉनचे कण दिसतात. म्हणजे एका मायक्रॉनच्या धारेवर वीस मायक्रॉनचे ढेकूळ. चूर्ण पद्धतीत वितळलेल्या धारेवर वायूचा झोत मारून तिचे बारीक थेंब करतात. थेंब क्षणात थिजतो, कणांना वाढायला वेळच मिळत नाही. ही भुकटी मग उष्णता आणि दाब देऊन घट्ट केली जाते. कण पाच मायक्रॉनच्या आत राहतात, म्हणून व्हॅनेडियम भरपूर घालूनही पाते तुलनेने चिवट राहते.

अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये आणलेले एस३०व्ही या पद्धतीचे. त्याचे वेगळेपण म्हणजे ते उसने नव्हते. चाकूकारांशी, विशेषतः ख्रिस रीव्ह यांच्याशी बोलून ते चाकूसाठीच आखले गेले. ४ टक्के व्हॅनेडियममुळे ते झिजेला सहजी दाद देत नाही, पण धारेचे बारीक टवके उडतात अशी कुरकुर राहिली. २००९ च्या एस३५व्हीएन मध्ये थोडे व्हॅनेडियम काढून नायोबियम घातले आणि चिवटपणा वाढवला.

कणांचे गणित सर्वांत नेमके सोडवले ते मॅग्नाकटने. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेले हे पोलाद २०२१ मध्ये आले. क्रोमियम अवघे १०.७ टक्के, म्हणजे डी२ पेक्षाही कमी. तरीही ते बहुतेक अगंज पोलादांपेक्षा गंजाला चांगले तोंड देते, कारण त्याची रचनाच अशी बेतली आहे की कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमशी गुंततो आणि क्रोमियम मोकळे राहते. कण बारीक, म्हणून चिवटपणाही चांगला. गाजावाजा जरा जास्त झाला हे खरे, पण या पोलादाच्या बाबतीत गाजावाज्यामागे विचार होता.

सतत पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात वापरायच्या चाकूंची वाट वेगळी आहे. एलसी२००एन सारख्या पोलादांत कार्बनचा बराचसा भाग नायट्रोजनने भरून काढतात. क्रोमियम कणांत अडकत नाही आणि गंज जवळपास उरत नाही. धार मात्र खरखरीत कामात लवकर दमते.

नावाआधी आकार

एवढे सगळे मांडल्यावर सांगायला हवे की कापण्याच्या बाबतीत पोलादाच्या जातीपेक्षा पात्याचा आकार जास्त बोलतो. धारेच्या लगेच मागे पाते ०.३ मिलिमीटर जाड असेल तर चाकू पुठ्ठ्यातून सरकतो, ०.८ असेल तर उत्तमोत्तम पोलादाचाही चाकू पाचरीसारखा अडतो. धार टिकण्याचे माप शेफील्डच्या कॅट्रा संस्थेच्या यंत्रावर घेतात : वाळूचे सूक्ष्म कण मिसळलेल्या कागदाच्या थप्पीवर पाते ठराविक भाराने पुढेमागे फिरवायचे आणि एकूण किती कागद कापला ते मोजायचे. त्या यंत्रावर एकच पोलाद दर बाजूला २५ ऐवजी १५ अंशांनी घासले की कापलेल्या कागदाची थप्पी कितीतरी वाढते. म्हणजे चिवट पोलाद निवडून कोन बारीक ठेवणे हाही धार टिकवण्याचाच मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे.

याच्या उजेडात निवड फारशी अवघड राहत नाही. धार स्वतः लावता येत असेल आणि साधा दगडच जवळ असेल तर १४सी२८एन किंवा त्याच घराण्यातले काही. दिवसभर पुठ्ठा-दोर कापायचा असेल आणि हिऱ्याची पट्टी घ्यायची तयारी असेल तर एम३९० किंवा एस३५व्हीएन. घामट खिसा, पावसातले काम आणि पुसायचा आळस असे सगळे एकत्र असेल तर मॅग्नाकट. डी२ स्वस्तात झीज रोखते, पण ज्याला पुसायची सवय आहे त्यानेच घ्यावे. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल’ एवढेच लिहिले असेल तर ते पोलादाचे नाव नव्हे. तिथे बनवणाऱ्याने जात सांगायचे टाळले आहे एवढेच कळते.

नव्या चाकूवरून पोलादाची पारख लगेच करू नये. कारखान्यात धार यंत्राच्या वेगवान पट्ट्यावर लागते आणि तिथे अतिबारीक कडेचे पोलाद तापून त्याचे पाणी उतरण्याची शक्यता असते. तेवढी कड हाताने, पाणी वापरून, दोन-तीनदा दगडावर घासून काढली की खाली न तापलेले पोलाद लागते. पहिल्या आठवड्यात चार खोक्यांत बोथटलेला चाकू त्यानंतर महिनाभर धार धरतो, असे पुष्कळदा दिसते.