ब्लूबेरी, मध आणि आपलं आंबट-गोड-तिखट: थोडी पार्श्वभूमी

सातारला पोवई नाक्याकडे फळं घ्यायला गेलं की आता पेरू-डाळिंबांच्या शेजारी ब्लूबेरीची ती छोटी पारदर्शक डबी दिसतेच, १२५ ग्रॅमची, आत निळसर काळ्या गोळ्या आणि त्यांच्यावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी पावडर (ती औषधाची नसते बरं का, फळाचंच नैसर्गिक मेण असतं, जितकी जास्त तितकं फळ ताजं). मी घरून केक आणि चटण्या करून देते त्यामुळे ओळखीच्या बायका मलाच विचारतात, ही आपली जांभळंच का बारकी, आणि मधाबरोबर का करतात, परदेशातली जुनी पद्धत असेल ना. तर जांभळं नाहीत, आणि मधाची पद्धतही वाटते तेवढी जुनी नाही, आणि मला हे जरा नीट सांगायचंय कारण यात आपल्या डोंगराचा भाग बराच मोठा आहे आणि तो कोणी सांगत नाही.

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. तिथले मूळ रहिवासी शेकडो वर्षं रानातून ती गोळा करायचे, उन्हात वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायचे, आपण आंबोशी किंवा कोकम वाळवून ठेवतो तसंच. आणि खायचे कशात, तर वाळवलेलं मांस कुटून त्यात वितळलेली चरबी घालून जो गोळा करायचे, पेमिकन म्हणतात त्याला, त्यात वाळवलेल्या बेऱ्या पडायच्या, जिथे जी मिळेल ती, कुठे ब्लूबेरी कुठे दुसरी. प्रवासात, शिकारीला जाताना महिनोन्‌महिने टिकणारी शिदोरी. म्हणजे बघा, आज ज्याला आपण मफिनमधलं फळ म्हणून ओळखतो ते आधी मटणाच्या बाजूला होतं. गोडात नंतर आलं.

आणि मध? तिथे मधमाशीच नव्हती! म्हणजे आपण जिला मधमाशी म्हणतो, पोळ्यात भरपूर मध साठवणारी, ती उत्तर अमेरिकेत नव्हतीच. गोडासाठी त्या लोकांकडे मेपलच्या झाडाचा रस होता, तो आटवून पाक आणि साखर करायचे. युरोपियन मधमाशीच्या वसाहती इंग्लंडहून जहाजातून व्हर्जिनियात पोचल्या १६२२ साली, आणि तिथून त्या माश्या माणसांच्या पुढेपुढे जंगलात पसरत गेल्या. मूळ रहिवासी तिला गोऱ्या माणसाची माशी म्हणायचे असं थॉमस जेफरसन यांनी लिहून ठेवलंय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच नवल वाटलं, कारण ब्लूबेरी आणि मध ही जोडी इतकी सहज वाटते की जणू एकाच झाडाखाली जन्मली, आणि प्रत्यक्षात दोघांची गाठ पडून चारशेच वर्षं झालीत.

बरं तेव्हाही ब्लूबेरी रानातलीच. तिची शेती होतच नव्हती, लोकांनी रोपं आणून चांगल्या सुपीक बागेतल्या मातीत लावली की ती मरायची. का मरायची हे फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या अमेरिकन सरकारच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने शोधलं, त्यांनी १९१० मध्ये प्रयोग छापले, सांगितलं की हिला आम्लधर्मी माती लागते, चुनखडीची किंवा भरपूर खत घातलेली नाही. ते न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी वाचलं. त्यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची मोठी शेती होती, व्हाइट्सबॉग नावाच्या ठिकाणी, आणि तिथली माती तशीच आंबट, दलदलीची. बाईंनी पत्र लिहून कळवलं की तुमचे प्रयोग आमच्या जमिनीवर करा. आणि मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, त्यांनी आसपासच्या रानात बेऱ्या वेचणाऱ्या माणसांना भोक पाडलेली एक पट्टी दिली, साधारण १६ मिलिमीटरचं भोक, आणि सांगितलं की ज्या झुडपाची फळं यातून आरपार जाणार नाहीत ते झुडूप मला दाखवा, पैसे देईन. आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव दिलं. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचं नाव झालं रुबेल, आणि ती जात आजही लावतात. १९१६ साली शेतात पिकवलेली पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. म्हणजे डबीतली ही ब्लूबेरी पीक म्हणून अजून सव्वाशे वर्षांचीही नाही, आणि ती उभी राहिली ती रान पायाखाली असलेल्या वेचणाऱ्यांच्या नजरेवर.

युरोपात तिची चुलतबहीण आहे, बिलबेरी, आतून पण जांभळी (ब्लूबेरी कापली तर आतून फिकट हिरवट असते, तपासून बघा). तिकडे तिचे पाय (pie, म्हणजे आत फळ भरून भाजलेला पदार्थ) होतात, जॅम होतात. भारतातही या घराण्यातलं झाड आहे, निलगिरीच्या डोंगरात. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात मात्र त्या जागेवर जांभूळ, करवंद, तोरणं, आणि महाबळेश्वरला तुती.

आता मधाकडे येऊ, कारण तिथे उलटं आहे. तिकडे फळ जुनं आणि मध नवा, आपल्याकडे मध इतका जुना की देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, साखरेबरोबर तो असतोच, पाहुणा आला की दही-तूप-मधाचा मधुपर्क द्यायची रीत होती, लग्नात नवऱ्या मुलाला अजून देतात. पण स्वयंपाकात? रोजच्या स्वयंपाकात आपल्याकडे मध जवळजवळ नाहीच. गोडाला गूळ, मध औषधाला. त्याचं एक कारण चरकसंहितेत आहे, तापवलेला मध वर्ज्य सांगितलाय, आणि दुसरं कारण साधं आहे, गूळ भरपूर होता आणि मध काढायला जीव धोक्यात घालावा लागायचा. माझी आज्जी जावळीतली, मेढ्याच्या वरच्या अंगाची. ती सांगायची की आग्या मोहोळ काढायला माणसं रात्रीची धूर करून कड्यावर जायची आणि पोळं आणून फडक्यात पिळायची, त्यात अंडी, अळ्या, मेण सगळं आलं, मध काळपट आणि लवकर आंबायचा. तो मध स्वयंपाकात कोण घालणार, तो बाटलीत, फडताळात, खोकल्याला चाटण.

हे बदललं माश्या पाळायच्या लाकडी पेटीने. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या मधमाशी पाळणाऱ्या गृहस्थांना १८५१ मध्ये लक्षात आलं की पेटीत चौकटींच्या मध्ये ठराविक अंतर ठेवलं तर माश्या तिथे मेणाने चिकटवत नाहीत, म्हणजे एकेक चौकट उचलून बाहेर काढता येते. मग १८६५ मध्ये ह्रुश्का नावाच्या माणसाने फिरतं मधयंत्र काढलं, चौकट त्यात ठेवून गरगर फिरवली की मध बाहेर, पोळं शाबूत, अळ्या जिवंत. आपल्याकडच्या माश्यांच्या जातींत आग्या काही पेटीत राहत नाही, फुलोरीही नाही, पण सातेरी राहते. महाबळेश्वरला १९४६ पासून मधाचं सरकारी काम सुरू झालं, मध संचालनालय आज तिथेच आहे, खादी ग्रामोद्योग मंडळाचं, आणि गावागावात मधपाळ तयार झाले. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घराघरात पेट्या आहेत.

आणि हा मध एकसारखा नसतो हे लोकांना अजून माहितीच नाही. जांभळाच्या फुलोऱ्याचा वेगळा, हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा, आणि कारवीचा तर सात-आठ वर्षांनी एकदा, कारण कारवी फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो आणि मग झाडं बी टाकून मरून जातात. त्या मधाची बाटली मिळाली तर मी ती केकात घालत नाही, भाकरीच्या तुकड्यावर घेते. जांभूळ मधाला मागून एक किंचित कडसर चव येते, आणि ती ब्लूबेरीला इतकी चांगली लागते! कारण बाजारात येणारी ब्लूबेरी बऱ्याचदा नुसती गोड-पाणचट असते, तिला कडसर-तुरट काहीतरी लागतंच. एकदा घाटात रस्त्याच्या कडेला घेतलेला स्वस्त मध वापरला होता, तो चमच्यावरून पाण्यासारखा गेला, वास फक्त साखरेच्या पाकाचा, आणि सगळी चटणी फुकट गेली. तेव्हापासून मधपाळाकडूनच घेते. (सातेरीचा मध मुळात जरा पातळ असतो, त्यामुळे नुसत्या पातळपणावरून ठरवू नका, वास घ्या.)

ब्लूबेरी आपल्याकडे आली ती आधी सुकवलेली आणि डब्यातली, बेकरीवाल्यांसाठी, मग फ्रोझन, मग ताजी. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने अमेरिकन ब्लूबेरीवरचं आयात शुल्क कमी करायचं मान्य केलं. पेरूसारखा देश, जिथे ही मुळात नव्हतीच, तो आता जगात सगळ्यात जास्त ब्लूबेरी निर्यात करणाऱ्यांत आहे, कारण कमी थंडीत फळणाऱ्या जाती तयार झाल्या. आपल्याकडे देशात काही ठिकाणी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंड्यांत लावतायत. महाबळेश्वरची लाल जांभ्याची माती तशी आम्लधर्मी आहे, पण पाऊस वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर, त्यात उघड्यावर मुळं कुजणार. तरी मला आशा वाटते, कारण स्ट्रॉबेरीही बाहेरचीच होती, साहेबांच्या काळात आली, आणि २०१० मध्ये तिला महाबळेश्वरच्या नावाने जीआय मिळालं, म्हणजे त्या जागेचाच माल अशी सरकारी नोंद. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रो ही जॅम-सिरपची कंपनी सुरू झाली तेव्हापासून फळाचं जॅम-सिरप करणं इथल्या लोकांच्या हातातलं काम आहे.

गोड-तिखटाचं जे म्हणतात ना, स्वीट आणि सेव्हरी, दोन वेगळी खाती, ती आपल्या ताटात कधी नव्हतीच. पंचामृत म्हटलं तर एक देवापुढचं मधाचं, आणि दुसरं पानातल्या डाव्या बाजूचं, चिंच-गूळ-तीळ-दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरच्यांचं. कैरीचा मेथांबा बघा, फोडणी, मेथ्या, तिखट, गूळ. करवंदाचं लोणचं बघा. रोमन लोक मांसाच्या सॉसमध्ये मध घालायचे असं एपिशियसच्या पाककृतींच्या पुस्तकात आहे, तिथपासून ते पेमिकनपर्यंत फळ-गोड-खारट हे एकत्रच होतं. केक आणि मफिन आले आणि ब्लूबेरी फक्त चहाच्या टेबलावर बसली, ती परत पोळीजवळ आणायला आपल्याला काहीच नवीन शिकायला लागत नाही.

मी करते ते असं. एक डबी ब्लूबेरी धुऊन पूर्ण कोरडी करायची. लोखंडी नाही, स्टीलच्या कढईत करा, लोखंडाने रंग काळपट पडतो. दोन चमचे तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, किसलेलं आलं. त्यात बेऱ्या टाकायच्या आणि हलवायच्या नाहीत. मिनिटभराने एकेक फुटायला लागते, अगदी बारीक टप्प आवाज येतो, आणि जो रस सुटतो तो आधी गुलाबी आणि मग गडद जांभळा होत जातो, निम्म्या फुटल्या निम्म्या अख्ख्या राहिल्या की मीठ आणि सुपारीएवढा गूळ. गॅस बंद. आता थांबायचं. कढईला बोट लावता येईल इतकी निवली की मग दोन चमचे मध, कारण गरम असताना घातला तर वास उडून जातो आणि आज्जीचाही जीव खालीवर व्हायचा, तापवलेला मध तिने आयुष्यात कोणाला दिला नाही. थालीपीठाबरोबर, बाजरीच्या भाकरीबरोबर, आणि भाजलेल्या चिकनवर वरून सोडली तर पाहुणे विचारतात हे काय.

केकात मात्र मध तापतोच, तिथे ज्याला चालत नाही त्याने साखर वापरावी, मी वाद घालत नाही. वापरणार असाल तर एक वाटी साखरेला पाऊण वाटी मध पुरतो, पातळ पदार्थ थोडा कमी करा, आणि ओव्हन १५ अंशांनी खाली ठेवा, मधाचा केक वरून लवकर करपतो. तो दोन दिवस मऊ मात्र राहतो कारण मध ओल धरून ठेवतो. आणि खूप जणींचा मेसेज येतो की बेऱ्यांच्या भोवती केक हिरवा-निळा झाला, खराब झाला का. नाही हो. सोडा जास्त झालाय. त्या निळ्या रंगाला आंबट मिळालं की तो लालसर होतो आणि सोडा मिळाला की हिरवट, जास्वंदीचंही तसंच होतं. सोडा कमी करा, दोन चमचे दही घाला. आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच रूपात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको, त्यातले जंतू मोठ्यांना काही करत नाहीत पण तेवढ्या लहान पोटाला झेपत नाहीत.

परवाच्या चक्क्यात मी साखर निम्मी करून हिरड्याचा मध घातला आणि वर फुटलेल्या ब्लूबेरी. श्रीखंड म्हणावं का काय म्हणावं, पण घरात पोळ्या संपल्यावरही वाटी फिरत होती. आता जांभळं निघाली की तेच जांभळाच्या गराचं करणारे, मध गेळ्याचा.