ब्लॅकहेड्स: आधी किडा, मग मळ, मग कुठे खरं कारण

ब्लॅकहेड म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना मळच आठवतो, नाक काळपट दिसतंय म्हणजे नीट धुतलं नाही, मग लाव स्क्रब आणि घास. पण तो काळा रंग मळाचा नसतोच. छिद्रात सीबम म्हणजे त्वचेचं तेल आणि मेलेल्या पेशी साचून बूच बसतं, वरचं तोंड उघडं राहतं, आणि मेलॅनिन म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य आणि हवेमुळे होणारं ऑक्सिडेशन यामुळे टोक काळं पडतं. तोंड बंद असेल तर तेच व्हाइटहेड. एवढं कळायला मात्र बराच काळ गेला.

आधी लोकांना तो चक्क किडा वाटायचा. दाबल्यावर पांढुरका लांबट धागा बाहेर येतो, त्याला काळं डोकं, म्हणजे अळीच की! गंमत अशी की १८४२ मध्ये बर्लिनच्या गुस्टाव्ह सायमनला मुरुमांतला ऐवज मायक्रोस्कोपखाली बघताना खरोखर एक जीव दिसला, डेमोडेक्स नावाचा माइट, म्हणजे त्वचेच्या छिद्रात राहणारा सूक्ष्म कीटकासारखा जीव. पण तो जेमतेम पाव-अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा धागा तो नव्हेच, आणि एकदम नितळ चेहऱ्यांवरही तो सापडतो.

त्या शतकातला उपाय काय, तर घड्याळाची किल्ली. खिशातल्या घड्याळाला चावी द्यायची ती पोकळ किल्ली ब्लॅकहेडवर धरून सरळ दाबायची की बूच वर येतं. पुढे डॉक्टरांकडे लूपवाले एक्स्ट्रॅक्टर आले, तत्त्व तेच, चहूबाजूंनी सारखा दाब, नखाने चिमटण्यापेक्षा केव्हाही बरं. पण बूच काढलं तरी ते बनवणारं छिद्र तिथेच असतं, त्यामुळे काही दिवसांनी परत तेच.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडही तसं जुनंच. १८३८ मध्ये राफाएले पिरिया या रसायनतज्ज्ञाने ते सॅलिसिन या विलो झाडाच्या सालीतल्या पदार्थापासून बनवलं, १८७४ पासून जर्मनीत कारखान्यात बनायला लागलं. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरून चिकटलेल्या पेशी सुट्या करतं, आणि आजही ०.५ ते २ टक्क्यांच्या फेसवॉश-लोशनमध्ये तेच असतं.

खरा बदल विसाव्या शतकात झाला, जेव्हा बुचापेक्षा छिद्राच्या आतल्या अस्तराकडे लक्ष गेलं. तिथल्या पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटून बसतात, मूळ दुखणं हे, आणि व्हिटॅमिन ए अ‍ॅसिड म्हणजे ट्रेटिनॉइन नेमकं तिथेच काम करतं. अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरच्या वापराचा पेपर छापला, १९७१ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली. हे कौतुकाने सांगताना एक गोष्ट गाळली जाते, ती म्हणजे क्लिगमनचे कित्येक प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले, ते १९७४ मध्ये बंद पडले, आणि कैद्यांना धड माहिती न देता केलेलं हे काम आज वैद्यकीय नीतीच्या वर्गात वाईट उदाहरण म्हणून शिकवतात. मला तरी हे वगळून या औषधाचा इतिहास सांगणं पटत नाही.

क्लिगमननेच मेकअपमुळे येणाऱ्या मुरुमांबद्दलही १९७२ मध्ये लिहिलं, आणि कुठल्या घटकाने छिद्रं बुजतात ते सशाच्या कानावर तपासलं जायचं. नॉन-कॉमेडोजेनिक म्हणजे छिद्रं न बुजवणारं, हे लेबल त्याच विचारातून आलं. पण सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बिघडतो, आणि या लेबलला अमेरिकेत कायदेशीर व्याख्याही नाही, म्हणून कुठला घटक किती छिद्रं बुजवतो याला ० ते ५ मार्क देणाऱ्या, नेटवर फिरणाऱ्या याद्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

मग १९९० च्या दशकात जपानमधून नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आल्या आणि सगळं परत काढण्यावरच आलं. ओढल्यावर पट्टीवर जे उभं दिसतं ते बघायला मजा येते हे खरं, पण त्यात बरेचसे ब्लॅकहेड नसतातच, ती सेबेशियस फिलामेंट्स असतात, तेल वर आणणारी, प्रत्येकाच्या नाकावर असणारी, आणि साधारण महिन्याभरात परत भरणारी.

रेटिनॉइड, म्हणजे ट्रेटिनॉइनच्या जातकुळीतली औषधं, मिळणं मात्र सोपं होत गेलं. त्यातलंच अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेल २०१६ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतं. ते रात्री, अगदी थोडं, फक्त ठिपक्यांवर नाही तर त्या सगळ्या भागावर लावायचं, सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते, दिवसा सनस्क्रीन हवं, फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, आणि गरोदरपणात नको.